चाफ्याची झोप

कोजागरी होऊन तीन दिवस झाले होते. साल १९५८. मी मागच्या अंगणात बसून कुंड्यांवरचं शेवाळ काथ्याने घासत होते. मुळशीच्या पावसात चार महिने पागोळ्यांखाली राहिल्या की कुंड्या बाहेरून हिरव्यागार होतात आणि आतली माती आंबते. अकरा कुंड्या होत्या. सातवी घासत होते तेव्हा दूधवाल्या मावशी आल्या. दूध ओतून झालं तरी त्या निघेनात.

आम्ही तेव्हा धरणाच्या वसाहतीत राहत होतो. तलावाची पातळी मोजायचं काम ह्यांच्याकडे होतं. रोज सकाळी अंघोळ, देवपूजा, मग पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा बघून यायचा. मावशी वरच्या वस्तीवरून दूध घालायला येत. साठीच्या असतील. त्यांचं मूळ गाव तलावाखाली गेलेलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचा धाकटा पाळण्यात होता, एवढं मला माहीत होतं. त्याहून जास्त मी कधी विचारलं नव्हतं.

"बाई, तुमची झाडं तुमचं ऐकत्यात म्हनं," मावशी म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"समद्या बाया म्हनत्यात. चैत्रातल्या हळदीकुकवाला ते डाळिंब बरोबर फुलतं. आदी न्हाई, मागनं न्हाई."

हे खरं होतं. माझ्याकडे फुलांचं डाळिंब होतं, फळ न धरणारं, झेंडूएवढी भरगच्च लाल फुलं येणारं. ते कुंडीत असून दरवर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला फुलायचं. त्यात माझा चमत्कार काही नव्हता. माझ्या वडिलांची सासवडकडे डाळिंबाची बाग होती. झाडाला ताण देऊन बहार धरणं मी परकर नेसायच्या वयात शिकले. ताण म्हणजे पाणी तोडायचं. झाड पानं टाकतं, झोपतं. हवे तेवढे दिवस झोपू द्यायचं, मग खत घालून पाणी सोडायचं. जागं झालं की ते भुकेलेलं असतं आणि पहिल्या झटक्यात फुलतं. जमिनीतल्या झाडाला हे करताना पाऊस मध्ये तडमडतो. कुंडी उचलून आडोशाला ठेवता येते, म्हणून कुंडीतलं झाड जास्त शहाण्यासारखं वागतं. एवढंच.

"आमचं एक झाड हाय," मावशी म्हणाल्या. "ते कुनाचंच ऐकत न्हाई. याल का बगाया?"

दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या घरापुढे डांबराचं पीप अर्धं कापून त्यात चाफा लावला होता. पांढरा, देवळापुढे असतो तो. मनगटाएवढ्या तीन फांद्या आणि पानं तर अशी की मी बघतच राहिले. हातभर लांब, काळपट हिरवी, तेल चोळल्यासारखी.

"फूल कधी आलं होतं?"

"धाकल्याच्या लग्नात. अकरा वर्सं झाली."

"पाणी किती घालता?"

"दोन तांबे. रोज."

"थंडीत?"

"थंडीतबी. कोमट करून."

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून आवरलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही त्याला अकरा वर्षं झोपू दिलेलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. गाव उठायच्या दिवशी देवळापुढच्या चाफ्याची फांदी त्यांनी मोडून घेतली होती. देवाला शब्द दिला होता, हे जगलं की तुझ्या झाडाचं फूल तुझ्या पायरीवर आणून घालीन. तेव्हापासून तीन घरं बदलली. झाड प्रत्येक वेळी डोक्यावरून नाहीतर गाडीतून बरोबर आलं. जमिनीत मात्र कधीच लावलं नाही.

"का?"

"जिमीन आपली कुटं हाय? जितं लावावं तितनं उठ म्हनलं तर? मान्साला उठता येतंय. झाडाला?"

दर उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की जुन्या देवळाचं जोतं आणि त्याची दगडी पायरी उघडी पडे. चैत्री पुनवेला वस्तीवरचे लोक खाली उतरून तिथे नारळ फोडत. पण पाणी उतरे तेव्हा चाफ्याला फूल नसे. पूर्वी दोन-तीनदा फुलला तो ज्येष्ठात, एकदा तर श्रावणात, पायरी पाण्याखाली गेल्यावर. मग फुलायचंच थांबला.

"आता काय घाई आहे?" मी विचारलं.

"देव तर कवाच वर आला, टोपलीत बसून. नवं देऊळ बांधलंय त्येला. पायरी तेवढी खाली ऱ्हायली. येत्या चैत्री पुनवेला तीबी उपटून वर आनायची ठरलंय." त्यांनी पदराने पिपाची कड पुसली. "मग फुलं आल्यावर खाली जाऊन घालू कुनाला? पान्याला?"

म्हणजे एकच चैत्र हातात होता.

मी अट घातली. झाड माझ्या घरी राहील. शिवरात्रीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बघायला या, हात लावायचा नाही. मावशींच्या मोठ्या मुलाने बैलगाडीतून पीप आणून आमच्या मागच्या पडवीत ठेवलं, लाकडांच्या ढिगापलीकडे, जिथे पाऊस नाही आणि सकाळचं ऊन तेवढं येतं. घरात मी सांगितलं, हे देवळातलं झाड आहे, धक्का लावू नका. सांगायला हवं होतं ते नेमकं सांगितलं नाही. ते पुढे येईलच.

दिवाळी झाल्यावर पानं पिवळी पडायला लागली. कार्तिक संपता संपता झाड रिकामं झालं. मला समाधान वाटत होतं. मावशींना बघवत नव्हतं. रोज दूध ओतलं की त्या पडवीच्या दाराशी उभ्या राहत.

"पार बोडकं केलंत की वो बाई."

"झोपलंय ते."

"झोपलंय का मेलंय, कसं कळायचं?"

"घोरत नाही झाड. माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुमच्यावर हाय. त्येच्यावर न्हाई."

मग त्या झाडाशी चार शब्द बोलत आणि जात. काय बोलत ते मी ऐकलं नाही. वडिलांचा नियम होता, झोपलेल्या झाडाकडे सारखं बघू नये, बघितलं की हात शिवशिवतो. तो मी पाळला. इतका पाळला की दीड महिना त्या कोपऱ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. नियम पाळण्यात मी हुशार आहे. त्याचा मला थोडा गर्वही होता.

पौषात एकदा सरपण काढायला गेले आणि एक फांदी कललेली दिसली. बुंध्याला अंगठा लावला. अंगठा आत गेला. साल सुरकुतलेली, आतून मऊ, आंबूस वास. पिपातली माती दाबून बघितली तर ओली. आठवडा-दोन आठवड्यांची नव्हे. रोजची ओली.

झोपलेल्या चाफ्याला पाणी म्हणजे विष. पानं नाहीत, ते प्यायलेलं जाणार कुठे? थंडीत ते बुंध्यातच राहतं आणि बुंधा कुजतो. हे सगळं मला पाठ होतं. कोणी पाणी घातलं याचीही मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात आल्या, त्यांनी मापटं किटलीत बुडवलं, तेवढ्यात मी सुरू केलं. तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून? एवढं राहवत नव्हतं तर माझ्याकडे दिलंत कशाला? तुमच्या मायेनेच ते मरतंय. बरंच बोलले. माझा आवाज मोठा आहे.

मावशी मापटं तसंच धरून उभ्या राहिल्या. त्यातून दूध ठिबकत होतं.

"म्या?" त्या म्हणाल्या. "देवाची आन बाई, म्या उंबरासुदीक वलांडला न्हाई. लांबनंच बोलती मी त्येच्याशी."

तेवढ्यात हे आतून आले. सोवळं नेसलेले, हातात ताम्हन, ताम्हनात देवांना घातलेल्या अंघोळीचं पाणी. ते रोज मागच्या दाराने झाडाला ओततात. पायाखाली येऊ नये म्हणून. आमच्या घरी माझ्या लग्नाच्या आधीपासून हे चालत आलेलं. पूर्वी ते कर्दळीला जाई.

"अगं, मावशींना काय बोलतेस?" ह्यांनी विचारलं. "पाणी मी घालतो त्याला."

"काय घालता?"

"तीर्थ. देवळातलं झाड ना? तूच म्हणालीस. म्हटलं, देवाचं पाणी देवाच्या झाडाला."

"किती दिवस?"

"आणलं त्या दिवसापासून."

बोलण्यासारखं मघाशी सगळं बोलून झालं होतं, तेही चुकीच्या माणसाला.

मावशींनी मापटं किटलीत ठेवलं, ह्यांच्या ताम्हनाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लई घालत व्हता का सायेब?"

"नाही हो. एवढंच. ताम्हनभर."

"म्हंजी रोज इचारपूस व्हत व्हती त्येची." त्यांनी मान हलवली. "मला आपलं वाटायचं, उपाशी बसलंय बिचारं."

ह्यांना तोपर्यंत काय झालं ते कळलं होतं. ते ताम्हन हातात घेऊन तसेच उभे राहिले. बावीस वर्षांच्या संसारात त्यांचा एवढासा झालेला चेहरा मी तेव्हाच पाहिला.

हळहळत बसून झाड सुधारत नाही. मी कोयता आणला, चुलीवर पातं तापवलं. मावशींना म्हटलं, फांदी धरा. कुजलेली फांदी बुंध्याशी कापली. पांढरा चीक वाहायला लागला. आतला गाभा तपकिरी होता तिथवर खाली तासत गेले, लाकूड स्वच्छ पांढरं लागेपर्यंत. मावशी फांदी घट्ट धरून दुसरीकडे बघत होत्या. कापलेल्या जागी चुलीतली राख दाबून भरली. दुसरी फांदी हाताला टणक लागली. तिसरीही. मग तिघांनी मिळून झाड पिपातून काढलं, ओली माती झटकली, काळी पडलेली मुळं छाटली आणि पीप उन्हात पालथं घातलं. आठ दिवसांनी निम्मी वाळू घालून कोरड्या मातीत झाड परत बसवलं.

"वाचेल का?" मावशींनी विचारलं.

"दोन फांद्या वाचतील बहुतेक."

"आन फूल?"

"ते आत्ता विचारू नका."

माफी मागण्याची मला सवय नाही. त्या दिवशी मी चहा केला. वसाहतीत दूधवाल्यांना चहा द्यायचा तर अंगणात, कानतुटक्या कपातून, तो कप पडवीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला. आमच्याकडेही होता. मी मावशींना स्वयंपाकघरात बोलावलं आणि आमच्या निळ्या काठाच्या कपातून चहा दिला, बशीसकट. त्यांनी कप फिरवून बघितला. "कान हाय की ह्येला," म्हणाल्या आणि प्यायल्या. कोनाड्यातला कप मी नंतर फेकून दिला.

कापलेल्या फांदीचा वरचा वीतभर शेंडा निरोगी होता. टाकवेना, म्हणून सावलीत चीक वाळवला आणि एका लहान कुंडीत वाळूत खोचून ठेवला. त्यालाही पाणी जवळजवळ नाहीच. हे रोज पूजा झाली की ताम्हन घेऊन मागच्या दारात उभे राहत आणि एकेका कुंडीकडे बोट दाखवत. "हिला चालेल?" "तिला चालेल." "आणि ह्या लहानीला?" "तिला हात लावायचा नाही." मग ते मुकाट्याने लांब कर्दळीपर्यंत जात. थंडीत उघड्या अंगाने. मला ते दिसत होतं, पण मी काही बोलत नव्हते. राग नव्हता, मी माझी धास्ती त्यांच्यावर काढत होते.

शिवरात्रीला ताण तोडला. पाणी घालायचा मान मावशींचा. त्या तांब्यावर फडकं झाकून घेऊन आल्या. मी बोट घालून बघितलं. कोमट होतं. या वेळी मी हसले नाही. पहिलं पाणी हलकंच घालायला सांगितलं, चार दिवसांनी दुसरं, मग जुनं शेणखत. पीप पडवीतून काढून अंगणापलीकडच्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीला टेकवून ठेवलं. दुपारी पत्रा तापतो, ती ऊब संध्याकाळपर्यंत टिकते. पहाटे अजून गारठा होता म्हणून सूर्य मावळला की गोणपाट गुंडाळायचं, उजाडलं की काढायचं. शिवरात्र ते चैत्री पौर्णिमा दीड महिना. चाफ्याला साधारण तेवढेच लागतात. निरोगी चाफ्याला.

तीन आठवडे काहीच झालं नाही. नंतर दोन्ही शेंड्यांवर हिरवट टोकं दिसली. पानाचं टोक अणकुचीदार असतं; फुलांचा तुरा येणार असेल तर टोक बोथट, जरा लालसर. सुरुवातीला मात्र दोन्ही सारखीच दिसतात. हे पट्टी वाचून येत आणि सांगत, "पायरीवर अजून दोन हात पाणी आहे." मी सांगे, "अजून कळत नाही." घरात तेवढंच बोलणं. मावशी रोज विचारत नसत. दूध ओतत आणि माझ्या तोंडाकडे बघत.

पाडव्याला कळलं. एका फांदीवर नुसती पानं. दुसरीवर तुरा, बोटाएवढा, नऊ-दहा बारीक कळ्यांचा.

मावशींनी तो जवळून पाहिला, वाकून, हात मागे बांधून. "पंधरा दिवसांत हुतंय?"

"ऊन कसं पडतं त्यावर आहे."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पायरी पूर्ण कोरडी झाली. कळ्या मात्र मिटलेल्या. सगळ्यांत खालची तेवढी लांबली होती, टोकाला पांढरी, वात वळावी तशी पीळ घातलेली. मी दुपारभर पीप पत्र्याला टेकवून ठेवलं, सावली आली की सरकवलं. आणखी करण्यासारखं काही नव्हतं. फूल कोणाच्या दटावण्याने उमलत नाही, आणि दटावण्याखेरीज मला फारसं काही येत नाही.

पौर्णिमेला उजाडताच गोणपाट काढलं. ती एक कळी उमलली होती. पाच पाकळ्या, आत हळद लावल्यासारखी पिवळी. बाकीच्या तशाच मिटलेल्या.

मावशींना बोलवायला जावं लागलं नाही. त्या दारातच होत्या, किटली न घेता. त्यांनी फूल पाहिलं. पदराचं टोक दातात धरून उभ्या राहिल्या.

"खुडून देऊ?" मी विचारलं.

"हितं नगं. झाडच न्हेऊ खाली. त्येचंबी गावच हाय ते."

त्यांच्या दोघा मुलांनी पीप बांबूला बांधून खांद्यावर घेतलं. आम्ही मागून चाललो. हेही आले, म्हणाले, पट्टी त्याच वाटेवर आहे. तशी ती नव्हती. खाली भेगाळलेला गाळ, मधेच कोणाच्या तरी उंबऱ्याचा दगड, एक फुटकी उखळ. मावशी त्यांना वळसा घालून चालत होत्या, जणू तिथे अजून घरं उभी होती. जोत्यापाशी तीस-चाळीस माणसं जमलेली, दोघांच्या हातात पहारी. पीप पायरीशी टेकवलं. मला वाटलं, आता त्या रडतील, नाहीतर बघत बसतील. त्यांनी चटकन फूल खुडलं आणि पायरीवर ठेवलं.

"घे," म्हणाल्या. "उशीर झाला. पर आनलं."

एक म्हातारा ओरडला, "वैनी, सरका आता, पहार लावू द्या!"

"लाव की. म्या काय पायरीवर बसून ऱ्हानार हाय व्हय?"

पहार लावायच्या आधी मात्र त्यांनी फूल उचललं आणि पायरीच्या शेजारी गाळावर ठेवलं. कोणीतरी म्हणालं, देवाबरोबर वर येऊ दे की. त्या म्हणाल्या, "पायरी चालली वर. ह्ये हितलं हाय. हितंच ऱ्हाऊ दे."

त्याच संध्याकाळी नव्या देवळापुढे खड्डा खणून चाफा जमिनीत लावला. कळ्या वर आहेत, आत्ता मुळं हलवू नका, असं मी सांगून पाहिलं. मावशींनी ऐकलं नाही. "देवाची जागा हाय. हितनं उठ कोन म्हननार?" कळ्या तगतील की गळतील हे मला सांगता आलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, तेवढं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. अर्धं पीप मला परत देऊ केलं. मी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या खोलीपाशी पिपाच्या मातीचा गोल डाग होता, तो खराट्याने झाडला. ह्यांची पूजा झाली. ते सवयीने ताम्हन घेऊन मागच्या दारात आले, कुंड्यांकडे पाहिलं आणि न विचारताच कर्दळीकडे निघाले. मी लहान कुंडी उचलली. खोचलेल्या शेंड्याला पाच पानं आली होती, सर्वांत मोठं करंगळीएवढं. ती ह्यांच्या पायाशी ठेवली.

"हिला चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. "आता जागी आहे ती. घाला."

त्यांनी अर्धंच ताम्हन ओतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सगळं घाला. मग उरलेल्या कुंड्या उन्हात सरकवायला घेतल्या.